चुलीत भाजलेला पूल

काळ्या मातीची वीट होत नाही, हे मला वऱ्हाडात आल्यावर कळलं. आमच्या वाईकडे कृष्णाकाठची माती साच्यात दाबली आणि उन्हात ठेवली, की वीट शहाण्या मुलासारखी बाहेर यायची. अकोल्याच्या काळीचं तसं नव्हतं. ओली असेतो ती हात सोडायची नाही आणि वाळली की तिला तळहातावरच्या रेषांसारख्या भेगा पडायच्या. ज्या मातीवर त्या वर्षांत सगळा मुलूख श्रीमंत होत होता, तिची माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी वीटसुद्धा धड होत नव्हती. फुटलेले तुकडे अंगणात मांडून मी बसलो की गंगूमाय चुलीपुढून म्हणायची, "ते वावराची माती हाय बावा. तिले भितीत उभं राहाची सवय नाई. पांढरीची आन." पांढरी म्हणजे गावठाणची, जुन्या पडक्या घरांची माती. ती आणली, तिच्यात चाळलेली राख आणि रुई काढताना उरणारा कापसाचा बारीक कचरा मळला, तेव्हा कुठे वीट वाजू लागली. नीट भाजलेल्या विटेवर नखानं टिचकी मारली की ती वाजते. मोठी असो की चिमुकली, आवाज तोच, फक्त बारीक.

साचा मी बाभळीच्या ढलपीतून विळ्यानं कोरला होता. विटा भाजायच्या त्या मायच्याच चुलीत, पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, निखाऱ्यात, भरताच्या वांग्यांच्या शेजारी. कधी वांग्याला माती लागायची, कधी विटेला वांग्याचा रस. संपतबुवा, म्हणजे मायचे यजमान, जेवताना दाताखाली काही कचकन लागलं की माझ्याकडे बघायचे आणि मी ताटात मान घालायचो. आज अमरावतीच्या माझ्या घरात एका फळीवर तसल्या विटांच्या थैल्या ओळीनं ठेवलेल्या आहेत. पुढं कामानिमित्त जिथं जिथं राहिलो, मूर्तिजापूर, बडनेरा, भातकुली, तिथली तिथली माती घेऊन थोड्या विटा पाडल्या आणि भाजल्या. सूनबाईंना ती अडगळ वाटते. पण हे प्रकरण अकोल्याच्या थैलीचं आहे.

मी वाईकडचा. तिसरं पुस्तक संपायच्या आत वडील गेले आणि शाळा सुटली. मामा गवंड्यांच्या टोळीचे मुकादम होते. वऱ्हाडात आगगाडीच्या कामावर माणसं हवी आहेत अशी बोलवा उठली, तेव्हा ते टोळी घेऊन निघाले आणि आईनं मला त्यांच्या स्वाधीन केलं. चालत चालत आम्ही कसे आलो ते लिहीत बसत नाही. पायांना ते आठवतं, मला फारसं आठवत नाही. अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी मजुरांच्या झोपड्या होत्या. पुलाचं काम तिथंच चाललं होतं. तिथं मला हिवताप भरला आणि उतरेना. मामा टोळीसाठी भाजी घ्यायचे ती संपतबुवांच्या मळ्यातून. एके सकाळी रिकाम्या टोपल्यांच्या मधोमध मला त्यांच्या गाडीत निजवलं आणि मामा म्हणाले, "बरा होईस्तोवर ठेवून घ्या." गंगूमायनं कण्या शिजवून, त्यात ताक घालून, मला लहान मुलासारखं भरवलं. मी बरा झालो. मोटेवर जाऊ लागलो, वांग्यांना पाणी देऊ लागलो, गावठाणच्या कडेला, मळ्याला लागून असलेल्या त्या घरातलाच एक झालो. पण 'जा' असं कोणी म्हटलं नाही तसं 'राहा' असंही कोणी म्हटलं नाही. या दोन शब्दांच्या मध्ये माझं अंथरूण होतं. रोज निजताना वाटायचं, उद्या कोणाला तरी आठवेल की हा पोरगा बरा झालेला आहे.

त्या घराचे आवाज मला अजून क्रमानं ऐकू येतात. पहाटे मोटेच्या चाकाची करकर, मग मायचं जातं, मग ठकीचं रडणं. ठकी त्यांची एकुलती मुलगी, सहा-सात वर्षांची, आणि तिला वेणी घालून घ्यायचा मनस्वी राग. दुपारी करडईच्या तेलात मिरचीचा ठेचा परतला की मी खोकत अंगणात पळायचो आणि माय हसायची, "देशावरले मर्द. मिरचीले भेतेत." आंबाडीची भाजी, ज्वारीची जाड भाकर, आणि सणाला गोवऱ्यांच्या धगीत भाजलेले रोडगे, तुपात बुडवून. आईच्या हातची आठवण येऊन घास अडकावा असं ते जेवण नव्हतं. घास सुखानं उतरायचा, आणि त्याचीच मला भीती वाटायची.

बाहेर काळ मोठा संशयाचा होता. कापसाला असा भाव चढला होता की माणसांची एकमेकांकडे बघायची रीतच पालटली. कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई पेटली आहे, तिकडचा कापूस अडला आहे, म्हणून साहेबाला आपला हवा, असं दलाल सांगत. त्यावरही कोणाचा विश्वास नव्हता. "लढाई त्यायची अन् पैसा आमाले? काईतरी कावा असन," असं पारावर चालायचं. ज्यांच्या घरी कधी कडी नव्हती त्यांनी कुलपं आणली. रुपये चुलीखाली पुरले जात, आणि पुरणारा सकाळी उठून प्रत्येकाच्या डोळ्यात बघे, की याला कळलं की काय. मी पांढरीची माती उकरायला गढीच्या बाजूच्या पडक्या घरांत गेलो तर दोघे जण माझ्या मागं मागं आले. परक्या मुलखातला पोरगा मातीच न्यायला येतो, हे त्यांना पटेना. शेवटी संपतबुवांनी त्यांना घरी आणून माझ्या विटा दाखवल्या. ते बघून ते जास्तच घाबरले असावेत, कारण शहाणा माणूस असलं काही का करील याचं उत्तर संपतबुवांजवळही नव्हतं.

मी का करत होतो? आजारपणात पडल्या पडल्या हाताला काम हवं म्हणून सुरू केलं, इतकंच. आधी वाईच्या घाटाच्या पायऱ्या रचल्या. मग आठवेल तशी देवळासमोरची दीपमाळ. आमच्याकडे दिवाळीत मुलं अंगणात किल्ले करतात. वऱ्हाडात ती चाल नाही, त्यामुळं ठकी आणि तिची मैत्रीण सोनी आ वासून बघत. चुना मी लावत नसे. विटेवर वीट नुसती ठेवायची, सांधा मोडून, ओळंबा धरून. म्हणजे मन भरलं की सगळं उतरवून दुसरं काही बांधता येई. त्या विटा परत थैलीत जात. मायचं घर बांधलं तेव्हा ती उकिडवी बसून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मांजर कोठी हाय?" म्हणून मांजरही केलं.

त्या वर्षी श्रावणात उघडीप मिळाली तेव्हा मी पूल बांधायला घेतला. मामांच्या टोळीचा, मोर्णेवरचा. खालचे खांब आणि वर कमानी. कमान पुरी होईपर्यंत तिच्या पोटाखाली लाकडी आधार ठेवतात, त्याला आमचे गवंडी कालबूत म्हणत. मी त्या जागी फुटक्या मडक्याचं खापर पालथं घातलं, त्यावर विटा पाचरीसारख्या घासून बसवल्या, आणि शेवटची मधली वीट दाबून खापर हळूच खालून ओढून घेतलं. कमान राहिली. ठकीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी तिच्या. सहा वेळा आधी पडली असेल, पण ते आता कशाला. खांब मी पोकळ ठेवले होते, कारण सगळे भरीव करण्याइतक्या विटा माझ्याजवळ नव्हत्या. एवढ्या एका काटकसरीनं मला जवळजवळ त्या घराबाहेर काढलं.

समोर नथ्थू गाडेवान राहायचा, सोनीचा बाप. त्याच्या बैलजोड्या कापूस घेऊन खामगावच्या बाजाराला आणि तिथून पुढं घाटाकडे जायच्या, आणि त्या वर्षांत त्याच्या बैलांच्या शिंगांनाही पितळी शेंब्या आल्या होत्या. आगगाडी आली की ते सगळं जाणार, हे त्याला ठाऊक होतं. येता-जाता तो कुंपणावरून डोकवायचा. "काऊन रे देशावरल्या, साहेबाचं काम घरी आनलं काय? रोजी वाढवून मागजो." आणि मग संपतबुवांकडे वळून, "बैल कडबा खाते तं गाडी वढते. हा लोखंडाचा बैल कडबा खात नाई म्हनते. मंग खाते काय, बुवा? काईतरी तं खातच असन ना."

मग भादव्यात मोर्णेला पूर आला आणि पुलाचा एक खांब पायापासून खचला. तेव्हापासून नथ्थूच्या त्या थट्टेला गावात दुसऱ्या कोणी तरी उत्तर देऊ केलं. नदी खांब राहू देत नाही, तिला काही हवं आहे. साहेबाची माणसं सांजेला थैल्या घेऊन हिंडतात. लहान पोर, त्यातही पहिलं, खांबाच्या पायात पुरलं की पूल हलत नाही. ही समजूत मी वेडेपणाची म्हणत नाही. विहीर खणली की बोकड, घराच्या पायात नारळ-सुपारी आणि चांदीचा तुकडा, असं दिल्याशिवाय कोणी काही उभं करत नसे, आमच्याकडेही नाही. मग नदीत उभं राहणाऱ्या एवढ्या मोठ्या दगडाला नुसता नारळ पुरेल, हे कोणाला खरं वाटावं? बायकांनी मुलींना सांजेचं बाहेर सोडणं बंद केलं. आणि मामांची टोळी जिथून आली तिथलाच एक पोरगा गावात राहत होता, माती उकरत होता आणि अंगणात पूल बांधत होता.

ते दिवस भुलाबाईचे होते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात मुली भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्ती मांडतात, सांजेला घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि ज्या घरची पाळी असेल तिथं झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची असते. ओळखल्याशिवाय ती मिळत नाही. मुलींना बाहेर सोडायची भीती, पण भुलाबाई मोडायची त्याहून भीती, म्हणून त्या वर्षी आया मुलींच्या बरोबर येऊन ओट्यावर बसत. आमच्या घरची पाळी कोजागिरीच्या आदल्या सांजेची होती. अंगण भरलं होतं. मुली खिरापत ओळखत होत्या, "शेंगोळे?" "नाई." "पेढे?" "पेढे कोन देते वो तुले?" आणि हसत होत्या. फेर धरून वळताना एकीचा पाय माझ्या पुलाला लागला. कडेचा खांब ढासळला. विटा घरंगळल्या आणि आतून तांबड्या चिंधीत गुंडाळलेलं काही तरी त्यांच्याबरोबर घरंगळत दिव्यापाशी आलं. कोणीतरी चिंधी सोडली. आत मातीचं बाळ होतं, बोटभर, कपाळाला कुंकू लावलेलं. आणि चिंधी ठकीच्या जुन्या परकराची होती. सगळ्यांनी ती ओळखली, कारण त्या परकराची पिवळी किनार मायनं त्याच ओट्यावर बसून लावलेली होती.

बायका एकेक करून उठल्या, आपापल्या मुलीच्या दंडाला धरलं आणि गेल्या. खिरापतीचं भांडं झाकलेलंच राहिलं. माय ठकीकडे बघत होती. ठकी खाली मान घालून अंगठ्यानं माती उकरत होती, आणि ते बाळ माझ्या पुलात कसं आलं हे मला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या मनात एकच नाव आलं, नथ्थू. कुंपणावरून हात घालून खांबाची एक वीट काढायची, बाळ आत सोडायचं, वीट परत लावायची, एवढं त्याला सहज जमलं असतं. त्या सांजेपासून तो दिसला की मी त्याच्या हातांकडे बघू लागलो.

दुसऱ्या दिवशी माय बाजारातून वांग्यांची टोपली भरलेलीच परत घेऊन आली. "आज गिऱ्हाईक नव्हतं," एवढंच म्हणाली आणि तीच वांगी आम्ही दोन वेळा खाल्ली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. संपतबुवा मोटेवर माझ्याशी नीट बोलत, नको इतकं नीट, जसं पाहुण्याशी बोलतात. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुह्या मामाचा निरोप नाई आला बऱ्याच दिसात. जाऊन पाहून ये ना." त्यात राग नव्हता. मला मात्र त्यात 'जा' हा शब्द ऐकू आला.

मी नदीवर गेलो. खचलेला खांब पुन्हा उभा राहत होता, मामा पायापाशी चुना बघत होते. आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. मामा मळ्यात यायचे तेव्हा ठकीला जवळ घ्यायचे आणि विचारायचे, ही केवढी, पहिलीच का. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. त्या वाटेनं चालताना मात्र तो प्रश्न माझ्या कानात वाजू लागला आणि थांबेना.

"मामा, या खांबात काय घातलंत?" मी विचारलं.

"दगड. चुना. वाळू."

"आणखी?"

मामांनी हात झाडले. "बोकड दिला. साहेबाला ठाऊक नाही. टोळी ऐकेना, मग काय करतोस. तू कोणाचं ऐकून आलास?"

"तुम्ही ठकीचं वय का विचारत होतात?"

मामा घमेल्यातला चुना उगाच सारखा करत म्हणाले, "आमची बयो राहिली असती तर तेवढीच असती, म्हणून." बयो त्यांची मुलगी, देवीत गेलेली, मी तिला खेळवलं होतं. मला लाज वाटायला हवी होती आणि वाटलीही. तरी परत निघताना मी त्या खांबाच्या भोवती एक फेरी मारली आणि दगडांच्या सांध्यांकडे बघितलं. सांधे बंद होते. बंद सांध्यातून काय दिसणार?

मी मळ्यात पोचलो तो अंगणात माणसं बसलेली. पुढं दाजीबा, गल्लीतले सगळ्यांत वडील, ज्यांच्या शब्दाखेरीज तिथं सोयरीक होत नसे की पंगत उठत नसे. माय दारात उभी होती, संपतबुवा ओसरीच्या खांबाला टेकून. मला बघून बोलणं थांबलं नाही, उलट दाजीबांनी हातानं मला बसायची खूण केली.

"संपत, पोट्टं भलं असन. आमचं त्याच्याशी वैर नाई," दाजीबा म्हणाले. "पन त्याले आज दिवस मावळाच्या आत त्याच्या मामाकडं धाड. नाईतं तुह्या घरची चिलीम अन् तुहं पानी आमाले बंद. लेकरं सगळ्यायले हायेत, बाप्पा."

संपतबुवांनी मायकडे बघितलं. मी उठलोच होतो. माझं होतं काय, एक घोंगडी आणि विटांची थैली. तेवढ्यात मागून नथ्थू म्हणाला, "एक सांगू काय? सांगू नये असं वाटते, पन सांगतो." सगळे वळले. तो कोणाकडेही न बघता पागोट्याचा शेव चाचपत होता. "माही सोनी कालपासून जेवत नाई. आज तिच्या मायनं इचारलं तं म्हनते, ते बाळ या दोघी पोट्ट्यायनं केलं. त्या पोराच्याच मातीचं. भुलाबाईचं लेकरू म्हनून. कोजागिरीले नदीत शिरवाचं म्हटलं तं ठकीनं पुलात लपवून ठेवलं."

"तुही पोट्टी सांगते, त्याचं काय," कोणी तरी म्हणालं.

"माह्या पोट्टीचं जाऊ द्या. मले या पुलाचं काई कौतुक हाय काय? तो पडला तं माहे बैल जगतेत. तरी सांगून रायलो."

मायनं ठकीला पुढं घेतलं. ठकी पदराच्या आतूनच बोलली, "मले तिले नदीत नव्हतं टाकू द्याचं. पान्यात तिले थंडी वाजन." दोन-तीन माणसं हसली. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. मी नथ्थूच्या हातांकडे बघितलं. ते गाडेवानाचे हात होते, कासऱ्यानं घट्टे पडलेले. बाकीच्या विटांना धक्का न लावता त्या बोटांनी एक वीट काढणं शक्यच नव्हतं, आणि हे मला, विटा रचणाऱ्याला, आधी सुचायला हवं होतं.

पण दाजीबा हसले नव्हते. "बरं. आज बाळ निघालं ते पोट्टीचं असन. उद्या काय निघन ते कोनाले मालूम? पोकळ गोष्ट हाय ते. आत काय, कोन पाहाले जाते?"

तेव्हा माय उंबऱ्यातून उतरून अंगणात आली. बायकांनी अशा बैठकीत बोलायची तिथं रीत नव्हती, म्हणून ती दाजीबांकडे न बघता पुलाकडे बघून बोलली. "बाजारात कापूस घेनारा काय करते, दाजी? वरून पांढरा दिसला म्हनून घेते काय?" तिला काय म्हणायचं आहे ते सगळ्यांना कळलं. त्या वर्षांत वरचा कापूस कोणी बघतच नसे. विकणारा आत ओला माल भरतो, सरकी भरतो, दगड भरतो, म्हणून घेणारा बाही सारून खांद्यापर्यंत हात गंजीत खुपसायचा आणि पोटातला कापूस उपसून काढायचा. त्याचा राग विकणाऱ्यानं मानायचा नाही, अशी रीत होती. "तसाच हात घाला," माय म्हणाली. "हा पूल आता ओट्यावर राहीन, सगळ्यायच्या समोर. ज्याले वाटन त्यानं यावं, खोलून पाहावं. पोट्टं पुन्हा रचन. ज्या दिवशी आत काई सापडन त्या दिवशी मी सोता त्याले हाकलतो. तोवर ते अठीच राहीन."

राहीन. आमच्याकडचं 'राहील'. त्या घरात तो शब्द माझ्यासाठी कोणी पहिल्यांदाच उच्चारला होता, आणि तोही एवढ्या मोठ्या अटीवर टांगून. संपतबुवा आत गेले, पाट घेऊन आले, आणि मी त्या पाटावर, सगळ्यांच्या समोर, पूल पुन्हा उभा केला. मधली कमान दोनदा पडली. तिसऱ्यांदा खापर ओढताना मागं बसलेल्यांचा श्वास मला ऐकू आला. मग दाजीबा पुढं सरकले. बाही वर सारली, जणू खरोखर कापसाचीच गंजी आहे, आणि पहिल्या खांबाची एकेक वीट काढून शेजारी ठेवू लागले. एक वीट त्यांनी हुंगून पाहिली. आत काही नव्हतं. मग त्यांनी विटा परत लावायचा प्रयत्न केला. कोपरा जुळेना. "असं नव्हे, आजोबा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही," मी म्हटलं. त्यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे वीट सरकवली.

त्यानंतर माणसं येत राहिली. मळ्यावर जाताना, बाजारातून परतताना, ओट्याशी थांबायची, एखादा खांब खोलायची आणि हुं करून निघून जायची. काही जण पुन्हा यायचे, कारण काल पाहिलं ते कालचं, आज पोरानं काय भरलं असेल कोण जाणे. माझं रोजचं काम झालं, सांजेला मोडलेले खांब पुन्हा रचायचे. मायची वांगी हळूहळू पुन्हा विकली जाऊ लागली. खांब खोलायला आलेला माणूस रिकाम्या हातानं परत जायला लाजायचा. बाळाला कोजागिरीला शिरवलं नव्हतं. मायनं एके दुपारी ठकीला घेऊन ते मोर्णेत सोडलं, चिंधीसकट. आज विचार केला तर वाटतं की त्या लोकांनी मला माफ केलं नाही की माझ्यावर विश्वासही ठेवला नाही. त्यांनी तपासलं. पण तपासायला म्हणून जी माणसं माझ्यापाशी येऊन बसली, तितकी माणसं मी त्याआधी त्या गावात कधी एवढ्या जवळून पाहिली नव्हती. त्यांची नावं, त्यांच्या मुलांचे आजार, कोणाच्या बैलाला काय झालं, हे सगळं मला त्या ओट्यावर कळलं.

मोर्णेवरचा पूल यथावकाश पुरा झाला. खांबांच्या पायांवर पाणी आलं, गाळ आला, आणि खाली काय आहे ते बघायची सोय कोणालाही राहिली नाही. साहेबालाही नाही, मामांनाही नाही. पहिल्यांदा वरून इंजिन गेलं त्या दिवशी सगळं गाव नदीवर लोटलं होतं. मायही गेली, ठकीला कडेवर घेऊन, मोठी झाली होती तरी. मी मळ्यातच राहिलो. कारण विचारलं तर वांग्यांना पाणी द्यायचं आहे असं सांगितलं. लांबून शिटी ऐकू आली, मग जमिनीतून एक घरघर पायांपर्यंत आली आणि गेली. घरात चिटपाखरू नव्हतं. मी ओट्यावर जाऊन बसलो, आजूबाजूला पाहिलं, आणि माझ्याच हातानं रचलेल्या पुलाच्या कडेच्या खांबाची वरची वीट उचलली, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. आत काही नव्हतं. मी दुसराही खांब खोलला.